हायड्रोजन पाण्यात घुसळला की पेट्रोल होतं का? वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

मागच्या अंकात हायड्रोजनवर दोन पानं काय छापली, प्रश्नांचा नुसता पाऊस पडलाय. त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीवरचे आहेत, की घरच्या घरी मिक्सिंगचं यंत्र बनवून हायड्रोजन आणि पाणी एकत्र केलं तर इंधन होईल का. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. नावं कुणाचीच छापत नाही, कारण काहींनी जे लिहिलंय ते वाचून त्यांच्या घरच्यांना झोप येणार नाही.

प्रश्न : ताई, माझा फॅब्रिकेशनचा व्यवसाय आहे. एक व्हिडिओ बघून प्लॅस्टिकचा ड्रम, पंप आणि व्हेंचुरी (मध्ये अरुंद असलेली नळी, जी गॅस पाण्यात ओढते) लावून युनिट बनवलंय. सिलेंडरमधला हायड्रोजन पाण्यात इतका बारीक घुसळला जातो की पाणी दुधासारखं पांढरं होतं. हे पाणी जनरेटरच्या कार्ब्युरेटरला दिलं पण इंजिन दोन ठोके घेऊन बंद पडतं. मिक्सिंग कमी पडतंय का? मोठी मोटर लावू का? सोबत स्केच पाठवतोय.

मोटर वाढवू नका. खरं तर आहे ती पण काढा, ते का ते पुढे सांगते, आधी इंजिन का बंद पडतं ते बघू.

हायड्रोजन पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल इतका कमी विरघळतो. साध्या हवेच्या दाबाला, २५ अंश तापमानाला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त १.६ मिलिग्रॅम. हो, मिलिग्रॅमच. तेवढा हायड्रोजन जाळला तर मिळतात साधारण २०० ज्यूल, आणि एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला लागतात ४,२०० ज्यूल. म्हणजे त्या पाण्यातला सगळा हायड्रोजन जाळून तेच पाणी एक अंशाचा विसावा भाग जेमतेम तापेल. एका लिटर पेट्रोलमध्ये ३ कोटी २० लाख ज्यूल असतात, आता तुम्हीच बघा.

तुम्ही म्हणाल पाणी पांढरं होतंय म्हणजे भरपूर गॅस आत गेलाय. तो पांढरा रंग बुडबुड्यांचा आहे, विरघळलेल्या गॅसचा नाही. काचेच्या ग्लासात ते पाणी घेऊन ठेवा, खालून वर निवळत जाईल आणि थोड्या वेळात साधं पाणी दिसेल. पाणी पांढरं व्हायला गॅस फार थोडा पुरतो, पण समजा लिटरमागे १०० मिली बुडबुडे आहेत असं उदार मनाने धरलं तरी त्यांची ऊर्जा होते १ किलोज्यूल. आणि ते एक लिटर पाणी इंजिनाच्या सिलेंडरमध्ये गेल्यावर त्याची वाफ करायला इंजिनाला खर्च येतो जवळपास २,५७० किलोज्यूल. म्हणजे तुमचं हे मिश्रण इंजिनाला देतं एक आणि मागतं अडीच हजार. दोन ठोके पडले ते सुद्धा बहुतेक कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये (छोट्या टाकीत) उरलेल्या पेट्रोलवर पडले असणार.

आणि मिक्सिंग चांगलं केलं की जास्त विरघळेल असंही नाही. घुसळल्याने विरघळायचा वेग वाढतो, मर्यादा वाढत नाही, मर्यादा ठरते दाबावर. दाब १०० पट केला तर १०० पट विरघळेल म्हणजे लिटरला १६० मिलिग्रॅम, त्यात १९ किलोज्यूल, पेट्रोलच्या जवळपासही नाही. शिवाय दाब सोडला की सगळा फसफसून बाहेर. अल्ट्रासॉनिक, नॅनोबबल, चुंबक, तांब्याची कॉइल, काय वाटेल ते लावा, हा हिशोब बदलत नाही.

आता तुमच्या स्केचकडे येते, कारण पत्र वाचताना मला इंजिनापेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटली. ड्रमच्या झाकणावर पंपाची मोटर बोल्टने बसवलेली आहे, शाफ्ट झाकणातून आत जातोय, शेजारीच चालू-बंदचं बटण, आणि ड्रम वरपर्यंत भरलेला नाही, वर वीतभर जागा मोकळी आहे. पाण्यात न विरघळलेला हायड्रोजन (म्हणजे जवळपास सगळाच) जातो कुठे? त्या वीतभर जागेत. तिथे आधी हवा आहेच. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असला तरी पेट घेतो, इतकी मोठी रेंज पेट्रोल, डिझेल किंवा स्वयंपाकाच्या गॅसची नाही. ठिणगी लागते ०.०२ मिलिज्यूलची. स्वेटर काढताना जो चटका बोटाला जाणवतो ना, तो याच्या कितीतरी पट मोठा असतो, म्हणजे जी ठिणगी तुम्हाला दिसणार नाही, जाणवणारही नाही, तीसुद्धा पुरते. आणि तुमच्या मोटरला कार्बन ब्रश असतील तर ती चालू असताना सतत ठिणग्याच पाडत असते.

मोकळी जागा २० लिटर धरू. त्यात ६ लिटर हायड्रोजन साठला की मिश्रण अगदी नेमकं जुळतं. भडका उडाला तर ६० किलोज्यूल सुटतात, म्हणजे दीडशे किलोची बाइक ताशी १०० किलोमीटरने येऊन धडकावी तेवढे, आणि तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत, बंद ड्रममध्ये, ज्याच्या झाकणाच्या वर तुमचा चेहरा आहे. वास येणार नाही, कारण हायड्रोजनला वास नसतो आणि स्वयंपाकाच्या गॅससारखा वास मिसळलेलाही नसतो. दिवसाउजेडी त्याची ज्योतसुद्धा धड दिसत नाही.

त्यामुळे पुढचं काम असं करा. सिलेंडरचा मेन व्हॉल्व्ह बंद. ड्रमजवळच्या बटणाला हात लावू नका, वीज लांबून, दुसऱ्या खोलीतल्या मेनवरून बंद करा. दारं-खिडक्या उघडा, हायड्रोजन हवेपेक्षा १४ पट हलका म्हणून छताला जाऊन बसतो, वरची खिडकी किंवा झरोका उघडा असलाच पाहिजे. पंखा लावायचा मोह होईल, लावू नका, त्याचंही बटण ठिणगी पाडतं. भरपूर वेळ जाऊ द्या, मग ड्रम पाण्याने काठोकाठ भरा म्हणजे उरलासुरला गॅस बाहेर ढकलला जाईल, आणि सिलेंडर जिथून आणलात तिथे परत करा. ड्रम, पंप, व्हेंचुरी चांगल्या वस्तू आहेत, माशांच्या टाकीला हवा द्यायला एक नंबर चालतील.

प्रश्न : पाण्यात दोन भाग हायड्रोजन, एक भाग ऑक्सिजन. एक जळतो, दुसरा जाळतो. मग पाणी का जळत नाही हो?

कारण ते आधीच जळून झालंय. हायड्रोजन ऑक्सिजनबरोबर जळला की जे उरतं ते पाणी, त्यातली ऊर्जा त्या वेळीच बाहेर पडून गेली. पाण्यातून परत हायड्रोजन सोडवायचा तर तेवढीच ऊर्जा आधी आत घालावी लागते, एक किलो हायड्रोजनला ९ लिटर पाणी आणि कमीत कमी ३९.४ युनिट वीज, प्रत्यक्षात चांगल्या कारखान्यात पण ५० ते ५५ युनिट. घातलं त्याहून जास्त परत मिळणार नाही, आणि घातलं तेवढंही मिळत नाही. एवढं डोक्यात बसलं की खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच येतील.

प्रश्न : माझ्या कारला एचएचओ (पाण्यातून काढलेला हायड्रोजन-ऑक्सिजनचा मिश्र गॅस) किट बसवलंय, ड्राय सेल, बबलर, सगळं. बॅटरीवर पाण्यातून गॅस तयार होतो आणि इनटेकमध्ये जातो. अ‍ॅव्हरेज खरंच वाढलंय असं मला वाटतं. मित्र म्हणतात वेडेपणा आहे. तुम्ही कुणाच्या बाजूने?

हिशोबाच्या बाजूने. तुमच्या किटवर १२ व्होल्ट, २० अँपिअर लिहिलंय असं तुम्ही म्हणता, म्हणजे २४० वॉट. आत सहा सेल एकामागे एक जोडलेले असतील तर २० अँपिअरला तासाला साधारण ५० लिटर हायड्रोजन निघतो, हा फॅरडेचा नियम आहे, कंपनी कुठलीही असो, त्याच करंटला त्याच सेलमधून जास्त निघू शकत नाही. ५० लिटर ऐकायला भारी वाटतं, पण एक लिटर पेट्रोलची बरोबरी करायला सुमारे ३,००० लिटर हायड्रोजन लागतो. म्हणजे तुमचं किट तासाभरात १७ मिली पेट्रोलइतकं इंधन बनवतं. दोन चमचे म्हणा, तीन म्हणा.

आता ती वीज आली कुठून? बॅटरीतून, बॅटरी भरली अल्टरनेटरने, अल्टरनेटर फिरवला इंजिनाने, इंजिनाने जाळलं पेट्रोल. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा पाव ते तिसरा हिस्सा कामाला लावतं, अल्टरनेटर त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त विजेत बदलतो, बाकी सगळी उष्णता. त्या २४० वॉटसाठी तासाला दीडशे ते दोनशे मिली पेट्रोल जास्तीचं जळतं. दोनशे देऊन सतरा घेणं, ह्याला धंदा म्हणत नाहीत.

किट विकणारे इथे म्हणतात की हायड्रोजन इंधन म्हणून नाहीच, तो पेट्रोलचं ज्वलन सुधारतो म्हणून फायदा. ऐकायला पटतं. पण आजच्या गाडीचं इंजिन गरम झालेलं असेल तर ९७-९८ टक्के पेट्रोल आतच जळून जातं, न जळलेलं शिल्लकच इतकं थोडं असतं की ते सगळं वाचवलं तरी अ‍ॅव्हरेजमध्ये तो फरक टाकीवर मोजून कळणार नाही. आणि इंजिनात जो मोठा तोटा होतो तो उष्णतेचा, रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जाणारा, त्याला हायड्रोजन काही करत नाही. लॅबमध्ये हायड्रोजन घालून इंजिन फार लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालवता येतं हे खरं आहे, त्यावर गंभीर काम झालंय, पण तिथे हायड्रोजन बाहेरून सिलेंडरने देतात आणि तोही भरपूर, हेडलाइटच्या करंटमधून बनवून नाही.

मग तुम्हाला वाढ का दिसतेय? एक शक्यता, किट बसवल्यावर तुम्ही गाडी जपून चालवायला लागलात, सगळेच चालवतात. दुसरी, टाकी फुल टू फुल मोजताना पंपाचं नोझल कधी लवकर कट होतं कधी उशिरा, एकदोन लिटर इकडेतिकडे सहज. तिसरी मात्र तपासाच. किटबरोबर एक छोटी काळी डबी आली असेल जी ऑक्सिजन सेन्सरच्या वायरला जोडायला सांगतात. तुमच्या किटमधून ऑक्सिजन पण येतो ना, तो सेन्सरला दिसला की ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि तो आणखी पेट्रोल सोडतो, म्हणून ही डबी सेन्सरचं रीडिंगच बदलून पाठवते. जो काही फरक पडतो तो या डबीने मिश्रण पातळ केल्याचा, पाण्याचा नाही. असं बराच काळ चाललं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात, नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या नशिबी काय ते वेगळंच.

तपासायचंच असेल तर एक सोपी युक्ती. घरातल्या कुणाला तरी किटचा फ्यूज तुम्हाला न सांगता कधी काढायला, कधी लावायला सांगा, त्यांनी वहीत लिहून ठेवायचं, तुम्ही नेहमीसारखी गाडी चालवायची आणि टाकीगणिक अ‍ॅव्हरेज लिहायचं. ती काळी डबी आधी काढा बरं का, नाहीतर घोळ होईल. आठ-दहा टाक्यांनंतर दोन्ही वह्या शेजारी ठेवा आणि मित्रांना बोलवा.

प्रश्न : कुणीतरी 'फक्त पाण्यावर' जनरेटर चालवून दाखवला, आम्ही डोळ्यांनी बघितला, बल्ब पेटला. पेटंट पण आहे म्हणतो. पैसे गुंतवायचे का?

नाही.

बल्ब पेटला हे खरं असेल, प्रश्न हा की किती वेळ आणि बॅटरी जोडलेली होती का. अशा प्रयोगात कोपऱ्यात कुठेतरी एक बॅटरी असतेच, "फक्त स्टार्ट करायला". त्यांना सांगा, बॅटरी काढा, टाकीत तुम्ही आणलेलं पाणी भरा, यंत्र आपण आणलेल्या टेबलावर ठेवू आणि बल्ब रात्रभर पेटता ठेवू. बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी नेमका एखादा पार्ट खराब होतो.

पेटंटचं म्हणाल तर पेटंट मिळालं म्हणजे यंत्र चालतं असं कुणी तपासून दिलेलं नसतं. अमेरिकेत १९३५ साली चार्ल्स गॅरेट यांना पाण्याचं विघटन करणाऱ्या कार्ब्युरेटरचं पेटंट मिळालंय, त्यानंतर इतक्या वर्षांत तो कुठल्या गाडीत दिसला? सगळ्यात गाजलेलं प्रकरण तिथलंच, ओहायोमधले स्टॅनली मेयर. 'वॉटर फ्युएल सेल'वर बग्गी चालते असा त्यांचा दावा होता. गुंतवणूकदार कोर्टात गेले, तज्ज्ञांनी तो सेल तपासला तर आत साधंच इलेक्ट्रोलिसिस निघालं, आणि १९९६ मध्ये कोर्टाने ही उघड फसवणूक आहे असं ठरवून पैसे परत करायला लावले. दोन वर्षांनी मेयर वारले आणि तेव्हापासून 'त्यांना तेल कंपन्यांनी संपवलं' ही गोष्ट फिरतेय, जी तुम्हालाही ऐकवली असेलच. निकालाचा भाग मात्र ऐकवत नाहीत.

प्रश्न : पण ताई, विमानांमध्ये आणि रेसिंग कारमध्ये इंजिनात पाणी मारतात हे तर खरं आहे ना? आणि डिझेलमध्ये पाणी मिसळून पण चालवतात. मग आमच्याच मिक्सिंगला नावं का?

चांगला प्रश्न, आणि दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या आहेत. फक्त तिथे पाणी इंधन म्हणून जात नाही.

दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या इंजिनात टेकऑफला किंवा जिवावर बेतलं तर पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण मारायचे, जर्मन त्याला एमडब्ल्यू ५० म्हणायचे, निम्मं पाणी निम्मं मिथेनॉल. १९६२ ची ओल्ड्समोबील जेटफायर ही टर्बो कार असंच मिश्रण वेगळ्या बाटलीत घेऊन फिरायची, आणि अलीकडे बीएमडब्ल्यूने एम४ जीटीएसमध्ये नुसत्या पाण्याचं इंजेक्शन दिलं. पाण्याची वाफ होताना ते प्रचंड उष्णता ओढून घेतं, लिटरमागे २,२५७ किलोज्यूल, त्यामुळे आत येणारी हवा थंड आणि दाट होते, नॉकिंग (इंधन वेळेआधी पेटून होणारी ठोकठोक) थांबतं आणि मग टर्बोचा दाब वाढवता येतो, पेट्रोल जास्त जाळता येतं. ताकद पेट्रोलचीच, पाणी फक्त इंजिन वितळू देत नाही. गंमत म्हणजे हायड्रोजनवर चालणाऱ्या इंजिनातही पाण्याचा बारीक फवारा मारून बघितलाय, कारण हायड्रोजन गरम व्हॉल्व्हला लागून वेळेआधीच पेटतो, पाणी ते आवरतं. तर हायड्रोजन आणि पाणी एकत्र इंजिनात जातात हे ऐकलंत ते चूक नाही, पण एक जळायला जातो आणि दुसरं थंड करायला.

डिझेलचं इमल्शन वेगळं. त्यात १० ते २० टक्के पाणी असतं, सर्फॅक्टंट (साबणासारखं रसायन) घालून पाण्याचे थेंब डिझेलमध्ये इतके बारीक आणि स्थिर केलेले असतात की खाली बसत नाहीत. सिलेंडरमध्ये गेल्यावर आतला पाण्याचा थेंब फट्कन वाफ होतो आणि भोवतीचं डिझेल आणखी बारीक फोडतो, धूर कमी होतो, ज्वाला थोडी थंड राहते म्हणून नायट्रोजन ऑक्साइड पण कमी. पण लिटरमागची ऊर्जा घटतेच, तेवढ्याच कामाला लिटर जास्त लागतात. ते प्रदूषणासाठी करतात, बचतीसाठी नाही.

घरच्या मिक्सरमधलं करू नका म्हणते ते वेगळ्या कारणाने. शॅम्पू घालून घुसळलेलं डिझेल रात्रभर ठेवा, सकाळी खाली पाण्याचा थर दिसेल, मध्ये करडा साका. ते कॉमन रेल (आजकालच्या डिझेल इंजिनातली जास्त दाबाची इंधन पद्धत) गाडीत गेलं तर, तिथे दाब २,००० बारपर्यंत असतो, इंजेक्टरमधल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात आणि त्यांना वंगण मिळतं ते डिझेलमधूनच. पाण्याचा एक गोळा आत गेला की पंप आणि इंजेक्टर ओरबाडले जातात. फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू आणि डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा कशासाठी दिलाय असं वाटतं तुम्हाला?

प्रश्न : आम्ही बादलीत मिठाचं पाणी घेऊन स्टीलच्या प्लेटा लावल्या आणि चार्जर जोडला. फेस मस्त येतोय पण स्विमिंग पूलसारखा वास येतो आणि पाणी पिवळट-तपकिरी झालंय. मीठ जास्त झालं का?

आत्ताच्या आत्ता बंद करा आणि खोलीबाहेर जा, हवा खेळू दे. तो वास क्लोरीनचा आहे, मिठाच्या पाण्यातून वीज गेली की एका बाजूला हायड्रोजन निघतो आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजनच्या जागी बराचसा क्लोरीन. फुफ्फुसांना घातक, आणि हायड्रोजन-क्लोरीनचं मिश्रण नुसत्या कडक उन्हानेही भडकू शकतं. पिवळट रंग दुसरं संकट आहे, स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम विरघळून पाण्यात उतरतं, त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कॅन्सर करणारं म्हणून ओळखलं जातं. हातमोजे घाला, ते पाणी मोरीत किंवा झाडांना ओतू नका, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून, वर लेबल लावून, घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

प्रश्न : मी अकरावीत आहे. प्रोजेक्टसाठी 'पाण्यापासून इंधन' घेतलंय. सर म्हणाले विषय बदल. बदलू का?

विषय नको बदलूस, प्रश्न बदल. 'पाण्यापासून इंधन बनवणे' असं न ठेवता 'पाण्याच्या विघटनात घातलेल्या विजेपैकी किती परत मिळते' असं ठेव, सर नाही म्हणणार नाहीत. हॉफमनचं व्होल्टामीटर (पाण्याचं विघटन करून दोन्ही गॅस वेगळ्या नळ्यांत जमवणारं काचेचं उपकरण) तुमच्या लॅबमध्ये असेलच. मिठाऐवजी सरांनी दिलेला सोडियम सल्फेट वापर, म्हणजे क्लोरीनची भानगड नाही. अर्धा अँपिअर करंट दहा मिनिटं दिला तर कॅथोडला साधारण ३७ मिली हायड्रोजन जमायला हवा, दुसऱ्या नळीत त्याच्या निम्मा ऑक्सिजन. तुझा आकडा जवळपास येईल, थोडा इकडेतिकडे, का ते शोधण्यातच खरे मार्क आहेत (पाण्याची वाफ, तापमान, ऑक्सिजन थोडा विरघळतो, असं बघ). मग व्होल्टेज गुणिले करंट गुणिले वेळ काढ, ही घातलेली ऊर्जा, आणि जमलेल्या हायड्रोजनच्या मिलीला १० ज्यूल धर. व्होल्टेज १.२३ च्या खाली नेलंस तर काहीच निघत नाही आणि १२ व्होल्ट दिलास तर बहुतेक ऊर्जा पाणी तापवण्यात जाते, याचा ग्राफ फार सुंदर येतो. दोन्ही गॅस एका नळीत गोळा करायचे नाहीत, आणि 'पॉप' टेस्ट करायची ती छोट्या परीक्षानळीत, चष्मा लावून, सर शेजारी असताना.

प्रश्न : भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकलं की वीज न लावता हायड्रोजन येतो. हे तर फुकट झालं ना?

गॅस येतो, फुकट नाही. वीज आधीच लागलीय, फक्त ती दुसऱ्या कुणी भरली. एक किलो अ‍ॅल्युमिनियम बनवायला १३ ते १५ युनिट वीज जाते आणि त्यातून ११२ ग्रॅम हायड्रोजन मिळतो, म्हणजे जेमतेम ३.७ युनिट. तेच भंगार वितळवायला दिलं तर नव्या धातूच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत परत अ‍ॅल्युमिनियम होतं, म्हणून ते भंगारवाल्याकडेच शोभतं. शिवाय या प्रक्रियेत हायड्रोजनमध्ये येते त्याहून जास्त ऊर्जा नुसत्या उष्णतेत बाहेर पडते. सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं कारण धातूवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो, म्हणून लोक आणखी तुकडे टाकतात, मग पापुद्रा विरघळतो, पाणी तापतं, तापलं की वेग वाढतो, वेग वाढला की आणखी तापतं, आणि प्लॅस्टिकची बाटली मऊ होऊन उकळता कॉस्टिक तोंडावर उडतो. डोळ्यात गेला तर बुबुळ जातं, हे घाबरवायला नाही सांगत. वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरून सरळ दवाखाना.

प्रश्न : स्वयंपाकाच्या गॅसमध्ये थोडा हायड्रोजन मिसळला तर? परदेशात पाइपलाइनमध्ये मिसळतात म्हणे.

मिसळून पाहिलाय. ब्रिटनमधल्या कील विद्यापीठाच्या गॅस नेटवर्कमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळून घरगुती शेगड्या आणि बॉयलर चालवले. पण २० टक्के घनफळ म्हणजे ऊर्जेत जेमतेम ७ टक्के, कारण हायड्रोजन फार विरळ. आणि तिथे मिश्रण मोजून, सतत तपासून द्यायचे. हायड्रोजनची ज्योत मिथेनपेक्षा कितीतरी वेगाने पळते, प्रमाण थोडं चुकलं की बर्नरच्या भोकातून आत शिरते. घरी रेग्युलेटर उघडून टी जॉइंट लावायचा विचार असेल तर तो डोक्यातूनच काढा.

प्रश्न : मी एचएचओ बनवून सायकलच्या ट्यूबमध्ये भरून ठेवतो, लागेल तसा टॉर्चला वापरतो. ट्यूब पलंगाखाली असते. रबर असल्याने सेफ आहे ना?

अहो दादा, पलंगाखाली?

एचएचओ म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन अगदी नेमक्या प्रमाणात, २ ला १, आधीच मिसळलेले. नुसता हायड्रोजन गळला तर जळायला त्याला हवा शोधावी लागते, याला तीही लागत नाही, ट्यूबच्या आतच सगळं तयार आहे. हा पेटला तर नुसता भडका नाही, डिटोनेशन होतं, आवाजाच्या कितीतरी पट वेगाने. म्हणूनच दागिन्यांच्या डागकामाला किंवा काचेच्या अँप्युल सील करायला जी तयार यंत्रं मिळतात ती गॅस साठवत नाहीत, लागेल तेवढाच त्या क्षणी बनवतात, मध्ये फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी यंत्रात जाऊ न देणारा भाग) असतो, टॉर्च बंद केला की यंत्र बंद. रबर ट्यूब उलट दोन्ही बाजूंनी वाईट, त्यातून हायड्रोजन झिरपतो आणि घासली की स्टॅटिक तयार होतो. १८०७ मध्ये दे रिवाझ या संशोधकांनी पिशवीत भरलेल्या हायड्रोजनवर गाडी चालवली होती हे खरं, पण त्यांच्या पिशवीत नुसता हायड्रोजन होता, ऑक्सिजन ते बाहेरच्या हवेतून घ्यायचे.

रिकामी करायची ती अशी. आधी टॉर्च, गॅस बनवणारं युनिट दोन्ही बंद, खोलीतलं कुठलंही बटण दाबू नका, मोबाइल बाहेर ठेवा. सुती कपडे घाला, अनवाणी जाऊन आधी नळाला किंवा लोखंडी ग्रिलला हात लावा. ट्यूबवर ओलं फडकं टाकून ती न ओढता, न घासता उचला आणि मोकळ्या जागेत न्या, जिथे जवळ चूल, गाडी, सिगरेट काही नाही. दाबू नका, पिळू नका, व्हॉल्व्ह हळूच सैल करून जमिनीवर ठेवा आणि लांब जाऊन बसा. ट्यूब आपोआप चपटी झाली तरी आत थोडा गॅस उरतोच, म्हणून शेवटी व्हॉल्व्हमधून पाणी भरून ती कापून टाका. सायकलला परत लावू नका.